दोन मुंबईला थोडं कमी

काकूंना ‘येऊन राहिलो’ हे शब्द ऐकवत नसत. फोनवर कुणी म्हणालं, ‘काकू, येऊनच राहिलो,’ की त्या ताबडतोब विचारायच्या, ‘कुठं हाय?’

‘रस्त्यातच हाय.’

‘कोणत्या रस्त्यात? डाव्या हाताला काय दिसून राहिलं?’

नळ दुरुस्त करायला येणारा माणूस एकदा बेधडक म्हणाला, ‘आयटीआयपाशी आलो,’ आणि नेमकी त्याच्या घरातल्या कुकरची शिट्टी काकूंना फोनमधून ऐकू आली. तो आल्यावर त्यांनी त्याला दारातूनच परत धाडलं. मग दुसरा माणूस मिळेपर्यंत मी आणि काका शेजारून बादल्या वाहत होतो. काका जिन्यात थांबून मला हळूच म्हणाले, ‘खरं बोलला असता तर बिचाऱ्याला चहा मिळाला असता.’

नांदेडला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी काही वर्षं भाड्यानं राहिले. ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी नाव, जात, पगार यातलं काहीच विचारलं नाही. ‘गाव?’ म्हणाल्या. मी देवणी सांगितलं.

‘किती लांब?’

मी किलोमीटर सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. ‘ते दगडावर लिहिलेलं असतं. मला सांग, घरून निघालीस की इथं कधी पोचतेस.’

उदगीरला बस बदलावी लागते वगैरे मी सांगितलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. ‘म्हणजे मुंबईचा तिसरा हिस्सा. एसटी बिघडली तर अर्धी मुंबई. ठीक हाय. सामान कधी आणून राहिलीस?’

नांदेडहून संध्याकाळी गाडीत बसायचं आणि सकाळी मुंबईला उतरायचं, ही त्यांची एक ‘मुंबई’. जगातली सगळी अंतरं त्या या मापानं मोजायच्या. लातूर पाव मुंबई. हैदराबाद अर्धी. दिल्ली रेल्वेनं दोन मुंबई, विमानानं हैदराबादवरून गेलं तर पाऊण. काही दिवसांनी मीही तसंच बोलायला लागले. स्टाफरूममध्ये एकदा तोंडून निघून गेलं, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत बसले.

त्यांची सगळी नोकरी इथल्याच रेल्वेच्या कचेरीत, तीही टेलिफोनवर झाली होती. स्टेशनास्टेशनाला विचारायचं, गाडी कुठं आहे, आणि पुढच्या स्टेशनाला ते कळवायचं. निवृत्त झाल्या, गाड्या सुटल्या, पण विचारायची सवय राहिली. मग ती माणसांवर आली. एकदा लातूरहून पेपर तपासून परतताना मला उशीर झाला आणि मी फोनवर ‘पोचलेच’ म्हणून टाकलं. गाडी तेव्हा अहमदपूरच्या स्टँडवर उभी होती, आणि मागं कंडक्टर गावाचं नाव ओरडत होता. काकूंनी ऐकलं. घरी आल्यावर जेवायला वाढलं, पण समोर बसून म्हणाल्या, ‘वेळ चुकते गं. सिग्नल पडला न्हाई की चुकली. त्याचं मला काही न्हाई. पण जागा खोटी सांगायची न्हाई. वाट बघणाऱ्याच्या हातात दुसरं काय असतं?’

काका मूळचे औश्याचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सकाळी बुद्धवंदना झाली की अंगणात कुंड्यांपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या भिंतीवरच्या मांजरापासून दारात थांबलेल्या भाजीवाल्यापर्यंत जे दिसेल ते कागदावर काढायचे. काकूंपुढं ते फारसं बोलत नसत. पण अंतराचा विषय निघाला की माघार घेत नसत. कॉलेजसाठी त्यांनी औसा ते लातूर रोज सायकल मारली होती. ‘समोरून वारा असला म्हणजे किलोमीटर काय चीज असते ते मला विचारा,’ म्हणायचे. ‘हिनं खुर्चीत बसून गाड्या चालवल्या. हिला काय ठाऊक लांब कशाला म्हणतात.’

हे भांडण गमतीचं होतं. सुजाताला नोकरी लागली त्या दिवसापर्यंत.

सुजाता त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्यापेक्षा थोडी लहान. पुण्याला होती. टोरंटोच्या कंपनीनं बोलावल्याचं तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी खाली भाडं द्यायला आले होते आणि बसून राहिले, कारण उठून जाणं बरं दिसलं नसतं.

‘तेरा हजार किलोमीटर हाय ते,’ काका म्हणाले.

‘हैदराबादला बसायचं, आखातात एकदा विमान बदलायचं, टोरंटोला उतरायचं,’ काकू म्हणाल्या. ‘दोन मुंबईला थोडं कमी.’

‘इथं कुणाचं काही झालं तर?’

‘तर येईल. आज बसली की उद्या दारात.’

‘अन् मधी कुठं अडकली तर? वर स्टेशनं नसतात. कुणाला विचारशील तू, कुठं हाय म्हणून?’

काकू म्हणाल्या, ‘मला सिकंदराबादला बढती मिळत होती. तुम्ही म्हणालात, लांब हाय. मी सोडली. सिकंदराबाद! अर्धीच मुंबई ते. पोरीच्या बाबतीत मी लांब हा शब्द ऐकणार न्हाई.’

काकांनी कागद-पेन्सिल उचलली आणि आत निघून गेले. सुजाता गेली. तिला सोडायला हैदराबादला काकू गेल्या, काका गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले.

मीच काकूंना फोनवर तो नकाशा दाखवला होता, ज्यात जगभरातली विमानं पिवळ्या पाखरांसारखी सरकत असतात. सुजाता उडाली त्या दिवशी काकूंनी चष्मा लावून फोन मांडीवर घेतला आणि खालून जाणाऱ्या शहरांची नावं मोठ्यानं वाचत राहिल्या, काकांना ऐकू जावीत अशी. ‘आहेत की वर स्टेशनं,’ त्या म्हणाल्या. पुढं सुजाताचा व्हिडिओ कॉल आला की काका पाचेक मिनिटं बसत, हवा कशी आहे विचारत आणि उठून जात. त्यांना राग होता असं मला वाटत नाही. स्क्रीनवरच्या पोरीशी काय बोलायचं ते त्यांना सुचत नसावं.

असं तीन हिवाळे गेले.

त्या सकाळी मी कॉलेजला निघाले होते. जिन्यावरून खाली आले तर काका अंगणात खुर्चीच्या शेजारी पडले होते आणि पेन्सिल हातातच होती. मी हाक मारली. काकू आतून आल्या, काकांच्या छातीवर कान ठेवला आणि म्हणाल्या, ‘ऑटो आण.’

हॉस्पिटलात दुपारपर्यंत काकांना शुद्ध आली. पण डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. तरुण होते, नीट बोलत होते. ‘हृदयाची ताकद फार कमी झालीय. मी खोटी आशा देणार नाही. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.’

काकूंनी विचारलं, ‘दोन मुंबई निघतील का?’

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, मुलगी टोरंटोहून यायची आहे, उद्या संध्याकाळपर्यंत.

‘सांगता येत नाही,’ ते म्हणाले.

सुजातानं तासाभरात तिकीट काढलं. बॅग भरली की नाही कोण जाणे. विमानात बसताना तिनं मला मेसेज केला : आईला सांग, निघाले. मी तसं सांगितलं तर काकू चिडल्या. ‘निघाले म्हणजे काय? दार लागलं का विमानाचं?’ मी नकाशा उघडून दाखवला. पिवळं पाखरू धावपट्टीवर होतं. मग ते पाण्यावर आलं. काकू आत गेल्या आणि मी काचेतून बघितलं, काकांच्या कानाशी वाकून त्या त्यांना सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी घरून चहा घेऊन गेले. हिशेब ठरलेला होता. सकाळी आखातात उतरायचं, तिथून दुसरं विमान, दुपार व्हायच्या आत हैदराबाद, मग गाडी. उन्हं उतरायच्या आत नांदेड. मी हॉस्पिटलच्या पायऱ्या चढत असतानाच सुजाताचा फोन आला. तिचा आवाज फुटत होता.

‘आम्हाला भलतीकडेच उतरवलंय. तुर्कस्तानात. पुढचं आकाश बंद केलंय म्हणतात, तिकडे काहीतरी हल्ला झालाय. आम्हाला विमानातून उतरू पण देत नाहीत. कधी निघणार विचारलं तर कुणी सांगत नाही. बाबा कसे आहेत?’

काकू कॉरिडॉरच्या बाकावर बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘तिथून हैदराबाद किती?’

‘सुटलं तर सहा-सात तास. पण उभंच आहे, काकू. सुटणार कधी ते...’

‘उभ्या गाडीचा हिशेब होत न्हाई,’ त्या म्हणाल्या. चहाचा कप त्यांनी माझ्या हातून घेतला आणि न पिता बाकावर ठेवला. तेवढ्यात नर्सनं दार उघडून हाक मारली. ‘आजोबा विचारतायत तुम्हाला.’

खरं तर आत एकालाच सोडायचे. नर्सनं काकूंकडे बघितलं आणि मलाही आत घेतलं. काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी तो बोटानं थोडा सरकवला.

‘पोरगी कुठं हाय?’

मी काकूंकडे बघितलं नाही. मला वाटलं, त्या खरं सांगणार. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

‘आखातात उतरली,’ काकू म्हणाल्या. ‘दुसऱ्या विमानात बसून राहिली आता.’

काकांनी डोळे मिटले. बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर काकूंनी माझं मनगट धरलं. ‘तू बोलू नकोस,’ त्या म्हणाल्या. ‘तुझा फोन चार्ज करून ठेव.’

त्या दिवशी काकूंनी एक विमान एकट्यानं चालवलं. थोड्या थोड्या वेळानं आत जायच्या आणि ते पुढं सरकवायच्या. सुटलं. समुद्रावर आलं. समुद्र संपला, खाली किनारा आला. आणि बाहेर माझ्या हातातल्या नकाशात खरं विमान तुर्कस्तानातल्या एका राखाडी चौकोनावर तसंच उभं होतं. मी तो नकाशा पुन्हा पुन्हा उघडत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, आता हललं असेल.

काकांची धाप दुपारी आणखी वाढली. डॉक्टर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी काकूंच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

मग काकांनी मला बोलावलं. काकूंना नाही, मला.

‘फोन दाखव पोरी,’ ते म्हणाले. ‘विमान दाखव तिचं.’

काकू पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. मी फोन उघडला. हैदराबादच्या बाजूला पश्चिमेकडून येणारं एक विमान शोधलं. कुणाचं होतं, कुठून येत होतं, मला माहीत नाही. मी ते बोटांनी मोठं केलं आणि काकांच्या डोळ्यांसमोर धरलं. ते पाखरू हळूहळू सरकत होतं. काकांचा चष्मा उशाशीच होता, पण त्यांनी मागितला नाही आणि आम्हीही दिला नाही. ते बराच वेळ बघत राहिले.

‘लई बारीक दिसून राहिलं,’ ते म्हणाले.

‘उतरायला आलं की मोठं होतं,’ काकू म्हणाल्या.

त्यानंतर काकूंनी विमान उतरवलं, सुजाताला बाहेर काढलं, गाडीत बसवलं. हैदराबादपुढचं संगारेड्डी मागं टाकलं. काका मध्येच ग्लानीत जायचे. डोळे उघडले की फक्त भुवई उचलायचे, आणि काकू पुढचं गाव सांगायच्या. शेवटी एकदा त्यांनी मास्क सरकवला. ‘बोलू दे तिच्याशी. गाडीत हाय ना.’

काकू म्हणाल्या, ‘लावते.’ बाहेर आल्या आणि भिंतीला टेकल्या. मी सुजाताला फोन लावला. ती अजून त्याच विमानात, त्याच खुर्चीत होती. काकूंनी फोन कानाला लावला आणि एका दमात सांगितलं, ‘बाबांना तुझ्याशी बोलायचंय. मी त्यांना सांगितलंय तू गाडीत हायस. देगलूरच्या आसपास. तसंच बोल.’

सुजाताचा आवाज मलाही ऐकू येत होता. ‘आई, मी खोटं नाही बोलणार. त्यांच्याशी शेवटचं बोलणं असेल तर मला खरं बोलू दे. मी सांगते त्यांना मी अडकलेय. ते समजून घेतील.’

‘समजून घेतील,’ काकू म्हणाल्या. ‘समजून घेतील अन् जातील. मग मी म्हणत होते ते सगळं खोटं ठरेल अन् ते म्हणत होते ते खरं. मला माझं काही न्हाई, सुजाता. पण लांब राहिलेल्या पोरीची वाट बघत जायचं त्यांनी?’

पलीकडून रडल्याचा आवाज आला. मागं विमानातली एक बाई इंग्रजीत सीटवर बसून राहायला सांगत होती.

‘कुठली जागा सांगू नकोस तुला नको असेल तर,’ काकू हळू आवाजात म्हणाल्या. ‘नुसतं म्हण, बाबा, मी येऊन राहिले. ते तर खरं हाय ना?’

सुजाता हो म्हणाली.

आम्ही आत गेलो. मी स्पीकर चालू केला आणि फोन काकांच्या उशीवर ठेवला. मला भीती वाटत होती ती मागच्या घोषणेची. एक शब्द जरी ऐकू आला असता तरी संपलं असतं.

‘बाबा,’ सुजाता म्हणाली. ‘मी येऊन राहिले.’

‘कुठं आलीस?’ काकांनी विचारलं.

पलीकडे काहीच ऐकू येईना. काकूंनी पलंगाची दांडी घट्ट धरली. मशीनचा टिकटिक आवाज तेवढा चालू होता. मला वाटलं फोन कट झाला असेल, म्हणून मी वाकून बघितलं. कट झाला नव्हता.

‘देगलूर ओलांडलं, बाबा,’ सुजाता म्हणाली.

काकांचा चेहरा सैल झाला. ‘ड्रायव्हरला हळू चालवायला सांग,’ ते म्हणाले. ‘घाई न्हाई.’

‘हो बाबा.’

‘काही खाल्लंस का?’

‘हो.’

मी फोन उचलला. काकांनी मान वळवून काकूंकडे बघितलं. ‘लई जल्दी आली गं,’ ते म्हणाले.

‘म्हणलं होतं की तुम्हाला,’ काकू म्हणाल्या.

त्यानंतर ते बोलले नाहीत. खिडकीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं, तोवर डॉक्टर येऊन गेले होते आणि नर्सनं मशीन बंद केलं होतं. काकूंनी काकांचा चष्मा पुसला, मिटला आणि पदरात बांधला. रडल्या नाहीत. औश्याहून दीर आले, त्यांनी विचारलं, ‘सुजाता कुठंय?’ तेव्हा काकूंनी सरळ सांगितलं, ‘तुर्कस्तानात. विमान उभं हाय.’

विमान त्यानंतर काही तासांनी सुटलं. सुजाता दुसऱ्या दिवशी आली. तिच्यासाठी थांबायचं ठरलं होतं, त्यामुळे तिला बाबांचं तोंड बघायला मिळालं. सगळे विधी झाले, माणसं पांगली, आणि संध्याकाळी घरात आम्ही तिघीच उरलो. काकू उंबऱ्यात बसल्या होत्या, सुजाता अंगणात कुंड्यांपाशी उभी होती. ती आल्यापासून त्या दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या होत्या. मी मध्ये पडावं की वर निघून जावं, मला कळत नव्हतं.

शेवटी काकूच म्हणाल्या, ‘रागावलीस माझ्यावर?’

सुजातानं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

‘ते खोटं माझं हाय,’ काकू म्हणाल्या. ‘तुझं न्हाई. तू मनात धरू नकोस.’

‘आई,’ सुजाता म्हणाली, ‘येताना मी देगलूरपुढं गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हरला वाटलं मला उलटी होते. मी उतरले. रस्त्याकडेला उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, बाबा, देगलूर ओलांडलं. दोनदा म्हणाले. ट्रक जात होते. मग बसले गाडीत.’

काकूंनी ऐकलं. ‘हातपाय धू,’ त्या म्हणाल्या. ‘वाढते तुला.’

पण उठल्या नाहीत. पुन्हा म्हणाल्या, ‘वाढते,’ आणि उंबऱ्याला धरून उठायला गेल्या, तर पुन्हा खालीच बसल्या. सुजाता धावत आली आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यातच बसली. काकूंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि मग पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला.

मी त्यांच्या मागून आत गेले आणि तिघींची ताटं वाढली.